बिशोयची अमानत

ही घटना खरी आहे. विश्वास ठेवायचा की नाही, तुमची मर्जी.

नावंसुद्धा बदललेली नाहीत. ज्याच्या बाबतीत हे घडलं त्यानेच सांगितलं, माझं नाव आहे तसंच राहू दे. लोकांना कळू दे.

बदरुद्दीन सोलकर. गाव रत्नागिरीचा राजिवडा. अर्धं आयुष्य सौदीत गेलेलं, त्यातला बराचसा काळ राबिघमध्ये. जहाजांच्या एजंटाकडे कामाला होता. जहाज बंदराला लागलं की कागदपत्रं पोहोचवायची, आजारी खलाशाला दवाखान्यात न्यायचं, सुट्टीवर निघालेल्याला जेद्दाच्या विमानतळावर सोडायचं. असं काम.

भुताच्या गोष्टीत रात्र लागते म्हणतात. इथे रात्र नव्हती.

भर उन्हाळ्यातली दुपार होती.

त्या दिवसांत दुपारी उन्हातली कामं बंद ठेवतात. क्रेन थांबतात. रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. समुद्रसुद्धा तापलेल्या पत्र्यासारखा पडून असतो. अशाच एका दुपारी एजंटाचा फोन आला. इटलीहून सुएझमार्गे आलेल्या जहाजावरचा आचारी छातीत दुखून पडलाय, ताबडतोब ये.

आचाऱ्याचं नाव बिशोय. इजिप्तचा, ख्रिस्ती. साठीला आलेला, अंगाने भरलेला माणूस. बदरुद्दीनने गाडीचं मागचं दार उघडलं, तर तो म्हणाला, "मागे नको. पुढे बसतो, तुझ्याजवळ."

छातीवर पट्टा सहन होईना, म्हणून त्याने सीटबेल्ट लावला नाही. दवाखान्यापर्यंत गाडी टींग टींग वाजत राहिली. बिशोय एक हात छातीवर दाबून बसला होता. दुसऱ्या हाताची मूठ घट्ट मिटलेली होती.

दवाखान्यात त्याने ती मूठ उघडली.

पितळेची डबी. काडेपेटीएवढी. झाकणावर झिजलेला क्रूस.

"हिच्यात काय आहे ते आधी सांगतो," बिशोय म्हणाला. "मग घ्यायची की नाही ते तू ठरव."

बदरुद्दीनला अरबी बोलता येत होती, मोडकीतोडकी का होईना. बिशोय सावकाश बोलला.

त्याच्या गावात फार पूर्वी एक साध्वी होऊन गेली. आपल्याकडे पीर-वली असतात तशी. गावात तिला नुसतं सित्ती म्हणतात, म्हणजे आजी. तिच्या कबरीवर लोक नवस बोलायचे. पुढे कधीतरी इटलीचे व्यापारी जहाज घेऊन आले. त्या काळी समुद्रापलीकडच्या शहरांना असे संत हवे असायचे. कुणी विकत घ्यायचं, कुणी चोरायचं. त्यांनी कबर फोडली, सित्तीची हाडं कापडात गुंडाळली आणि जहाजावर चढवली.

"जहाज हलेना," बिशोय म्हणाला. "वारा होता, शीड भरलेलं होतं. जहाज जागेवर. शेवटी एक खलाशी रडायला लागला. त्याने तिच्या बोटाचं एक हाड आपल्या पिशवीत लपवलं होतं. त्याने ते परत ठेवलं, तेव्हा जहाज निघालं."

तेव्हापासून सित्ती इटलीत. तिथल्या चर्चमध्ये, काचेच्या पेटीत. बिशोयच्या गावाने वर्षानुवर्षं विनंत्या केल्या. आमची आजी आम्हाला द्या, नाहीतर तिचा कणभर भाग तरी द्या. आता कुठे त्यांनी ऐकलं होतं. बोटाच्या हाडाचा एवढासा तुकडा दिला. गावातला माणूस त्या बाजूच्या जहाजावर आहे म्हणून आणायचं काम बिशोयला मिळालं. पण येताना जहाज कालव्यातून सरळ इकडे आलं, त्याला उतरायला मिळालं नाही.

"जहाज परत वरच, कालव्याकडेच जाणार आहे. पोर्ट सईदला थांबेल. माझी मुलगी इरीनी तिथे येईल. तू फक्त एवढं कर. ही डबी बोसनच्या हातात दे. डेकवरच्या खलाशांचा मुकादम तो, त्याला सगळं माहीत आहे."

बदरुद्दीनने हात पुढे केला नाही. दुसऱ्याच्या धर्मातली वस्तू. त्यात हाड.

"ही अमानत आहे," बिशोय म्हणाला.

तो शब्द ऐकला आणि बदरुद्दीनने हात पुढे केला. राजिवड्याच्या मशिदीत लहानपणी सगळ्यात आधी जे शिकवलं, त्यात हा शब्द होता. दुसऱ्याने विश्वासाने दिलेली वस्तू. ती पोहोचवायचीच.

"पोहोचवतो," तो म्हणाला.

सकाळी उठला तेव्हा मात्र त्याचं धैर्य गळालं होतं.

बंदराच्या गेटवर तपासणी असते. खिशात हाड सापडलं तर काय सांगायचं? कोणाचं हाड, कुठून आणलं, क्रूस कसला? इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, जाईल. घरी पाठवून देतील. डिसेंबरात मुलीचं, अफशाँचं लग्न ठरलेलं होतं.

खोलीत दत्ताराम होता. गुहागरचा, रिफायनरीत पाईप फिटर. दोघं बरीच वर्षं एका खोलीत राहत होते.

"दत्ता, गेटवर खिसे तपासतात काय रे?"

"कधी तपासतात, कधी नाही. काय न्यायचंय तुला, बदरूभाई?"

"काही नाही."

दत्ताराम आंघोळीला गेला. बदरुद्दीनने डबी खिशातून काढली. कपाटात अगदी खाली जुन्या चपला होत्या. तिथे कुणी बघत नाही, म्हणून त्याने डबी चपलांच्या मागे सरकवली.

नंतर त्याला सगळ्यात जास्त टोचलं ते हेच. कोणाची तरी आजी, आणि आपण तिला चपलांत ठेवली.

गेटवर पहारेकऱ्याने त्याच्याकडे नीट बघितलंसुद्धा नाही. उन्हाने वैतागलेला होता बिचारा. हात हलवून म्हणाला, "यल्ला, यल्ला."

बस्स, एवढंच होतं.

एवढंच.

जहाजावर कागदांवर सह्या झाल्या. बोसन जिन्याजवळ वाट बघत उभा होता. त्याने हळूच विचारलं, "बिशोयने काही दिलंय?"

परत जाऊन आणता आली असती. वेळ होता. पण मग सांगावं लागलं असतं की घाबरलो, म्हणून मागे ठेवून आलो.

"नाही," बदरुद्दीन म्हणाला.

बोसन त्याच्याकडे बघत राहिला. मग वर निघून गेला.

दुपारी जहाज सुटायचं होतं. दोर सोडले. टगबोटीने खेचायला सुरुवात केली. तिच्या मागे पाणी नुसतं उकळल्यासारखं फेसाळत होतं. बदरुद्दीन धक्क्यावर उभा होता.

जहाज आणि धक्का यांच्यात पाण्याची एक पट्टी दिसत होती. हातभर रुंद.

ती वाढेना...

टगबोट जोर लावत होती. वॉकीटॉकीवर कोणीतरी ओरडत होतं. कुठला दोर अडकलाय का, म्हणून माणसं धावत होती. दोर सगळे सुटलेले. इंजिन चालू.

पट्टी हातभरच.

वर कठड्याशी बोसन उभा होता. तो दोरांकडे बघत नव्हता. तो खाली बदरुद्दीनकडे बघत होता.

बदरुद्दीनच्याने तिथे उभं राहवेना. तो गाडीकडे चालत गेला, चालता चालता पळाला. आत बसला, दार लावलं, पट्टा लावला, गाडी चालू केली.

टींग... टींग... टींग...

त्याने शेजारी बघितलं. सीट रिकामी होती. वर पिशवी नव्हती, फाईल नव्हती. आणि समोर दिवा लागला होता... शेजारच्या माणसाने सीटबेल्ट लावलेला नाही.

त्याच क्षणी मागून भोंगा वाजला. आरशात त्याने पाहिलं. जहाज धक्क्यापासून दूर जात होतं. सहज. काही अडलंच नव्हतं असं.

जणू जिला उतरायचं होतं, ती उतरली होती.

गेटपर्यंत टींग टींग. हायवेवर टींग टींग. शेवटी त्याने गाडी कडेला घेतली, हात लांबवून रिकाम्या सीटचा पट्टा ओढला आणि अडकवला.

आवाज थांबला.

गाडीत थंड हवा चालू होती. त्या हवेत एक वास आला. गोडसर. अत्तराचा नव्हे, फुलांचा नव्हे. पाऊस पडून गेल्यावर ओल्या मातीचा येतो तसा काहीसा... आणि बाहेर नजर जाईल तिथवर वाळवंट.

दवाखान्यात गेला तेव्हा बिशोय जागा होता. चेहरा पांढरा पडला होता.

"दिलीस?"

मरायला टेकलेला माणूस. त्याला काय सांगायचं?

"दिली," बदरुद्दीन म्हणाला. "जहाज निघालं."

बिशोयच्या चेहऱ्यावर समाधान आलं. मग त्याची नजर हळूहळू बदरुद्दीनच्या खांद्यावरून मागे, दाराकडे गेली. तिथेच थांबली.

समाधान मावळलं.

"मग हिला इथे कशाला आणलंस?" त्याने विचारलं.

बदरुद्दीनने वळून बघितलं. दाराशी कोणी नव्हतं. फरशी तेवढी ओली होती.

बिशोय चिडला नाही. त्याने तोंड भिंतीकडे केलं. असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहरची अजान व्हायच्या आत तो गेला.

बदरुद्दीन सांगतो, मी पुष्कळ मयती बघितल्या. पण एखाद्या माणसाने मरताना माझ्याकडे पाठ केली, असं एकदाच झालं.

संध्याकाळी इरीनीचा फोन आला. रडत होती. त्याला ती अम्मो म्हणाली, म्हणजे काका. शेवटी तुम्ही जवळ होतात, खुदा तुमचं भलं करो, असं म्हणाली. मग थोडं थांबून विचारलं, "अम्मो बद्र, बाबांनी तुमच्याजवळ काही दिलं होतं का? जहाजावरचे म्हणतात, त्यांच्याकडे काही नाही."

हीच वेळ होती. डबी चार हातांवर होती. हो म्हणायचं, माझ्याकडे आहे म्हणायचं. एक शब्द.

"नाही, बेटी," तो म्हणाला.

फोन ठेवल्यावर कपाटाकडे त्याच्याने बघवेना.

त्यानंतर तो गाडीत एकटा असा नव्हताच. रोज निघताना शेजारचा पट्टा लावायचा. नाही लावला तर टींग टींग सुरू. गॅरेजवाल्याने तपासून सांगितलं, गाडीत काही बिघाड नाही. सीटवर ओलावा असायचा. बदरुद्दीन समुद्रकाठचा माणूस. खारं पाणी वाळलं की मिठाचा पांढरा डाग राहतो, हे त्याला माहीत. इथे डाग राहत नव्हता.

नमाजला उभा राहिला की ओळ विसरायचा. अमानतीत खयानत करणारा, विश्वासघात करणारा, हे शब्द डोक्यातून जाईनात.

दत्तारामने विचारलं, "झालंय काय तुला? जेवत नाहीस, बोलत नाहीस. घरी सगळं ठीक ना?"

"ठीक आहे."

"मग?"

"उष्णता झालीय."

डबी इरीनीला पाठवता आली असती. दुसऱ्या कोणीही पाठवून दिली असती. पण पाठवायची म्हणजे कबूल करायचं की मी तुझ्याशी खोटं बोललो, तुझ्या मरणाऱ्या बापाशीही खोटं बोललो. तेवढं त्याच्याने होईना.

म्हणून त्याने त्याहून वाईट केलं.

एका दुपारी डबी घेऊन तो थुवालच्या अलीकडे समुद्रावर गेला. किनाऱ्याला चिटपाखरू नव्हतं. खडकांवर उभा राहिला. तोंडातल्या तोंडात माफी मागितली. कोणाची, ते त्यालाही कळलं नाही. आणि त्याने डबी भिरकावली.

उन्हात एकदा चमकली.

तो आवाजाची वाट बघत राहिला...

पाण्यात काही पडल्याचा आवाज आलाच नाही. पाणी हललं नाही. लाटासुद्धा थांबल्या होत्या. आपला श्वास तेवढा ऐकू येत होता.

परत येताना मुद्दाम शेजारचा पट्टा लावला नाही. गाडी वाजली नाही. सीट कोरडी होती.

सुटलो, असं त्याला वाटलं. त्या रात्री बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवला. दत्तारामला म्हणाला, "लग्नाला चल गावी. कोंबडीवडे खाऊ."

उन्हाळा संपत आला तेव्हा इरीनीचा मेसेज आला. आधी फोटो.

तिच्या तळहातावर पितळेची डबी होती. काडेपेटीएवढी. झाकणावर झिजलेला क्रूस.

खाली तिचा आवाज. "अम्मो बद्र, तुमचे हात सलामत राहोत. तुम्ही फोनवर नाही म्हणालात तेव्हा मला वाईट वाटलं होतं. आता कळलं, फोनवर असं बोलणं बरं नाही, म्हणून तुम्ही लपवलंत. तुम्ही पाठवलेली बाई आज दुपारी आली. म्हातारी आहे हो फार. अनवाणी आली. आमच्याकडे पाऊस नाही काही नाही, आणि ती पायापासून डोक्यापर्यंत भिजलेली. मी म्हटलं बसा, तर म्हणाली, आता मी घरीच आहे, बसायचंच आहे. गावात तुमच्या नावाने प्रार्थना झाली. सगळे तुमचं नाव घेतात."

बदरुद्दीन पलंगावर बसला. 

आवाज संपला नव्हता.

"आणि हो, तिने सांगितलं, तुमच्या मुलीचं लग्न आहे. अफशाँ ना? छान नाव आहे. म्हणाली, मला जायचंय लग्नाला."

अफशाँचं नाव त्याने इरीनीला कधी सांगितलं नव्हतं. बिशोयलाही नाही.

त्याने सगळं दत्तारामला सांगितलं. पहिल्यांदाच. दत्ताराम ऐकत राहिला.

"इरीनीला फोन लाव," तो म्हणाला. "आत्ता. खरं काय ते सांगून टाक."

"गावभर माझ्यासाठी दुवा मागतायत रे. काय सांगू? की मी फेकली?"

"तेच सांग."

बदरुद्दीनने फोन हातात घेतला. बराच वेळ धरून बसला. मग उशीखाली ठेवला.

तो लग्नाला गेला नाही.

तिकीट काढलेलं होतं, अफशाँसाठी मक्केहून आणलेलं जमजमचं पाणी बॅगेत भरलेलं होतं. तरी गेला नाही. कफील, म्हणजे तिथला मालक, सोडत नाही, असं घरी सांगितलं. बिचारा कफील सोडायला तयार होता. बदरुद्दीनच्या मनात एकच होतं. ती आपल्या मागे येते. आपण इथेच राहिलो, तर तीही इथेच राहील. अफशाँपर्यंत पोहोचणार नाही.

निकाहाच्या दिवशी सुट्टी होती. तो दिवसभर खोलीत दार लावून बसला. शेजारी एक खुर्ची ओढून ठेवली होती. यायचंच असेल तर इथे ये, असं मनात म्हणत होता.

कोणी आलं नाही. खुर्ची कोरडी राहिली. त्याला हायसं वाटलं.

दुपार कलली आणि आमिनाचा फोन आला. मागे बायकांची गडबड, मुलांचा आवाज.

"सगळं छान झालं," बायको म्हणाली. "तुमची उणीव तेवढी राहिली. आणि ती पाहुणी कोण पाठवलीत हो?"

बदरुद्दीनने शेजारच्या खुर्चीकडे बघितलं.

"म्हातारी होती. अर्धं बोलणं कळत होतं, अर्धं नाही. मी म्हटलं कुठली कोण, तर तुमचं नाव घेतलं. मग मी आत नेलं. अफशाँच्या शेजारी बसली. तिचा हात हातात घेऊन नुसती बसून राहिली. जेवा म्हटलं तर जेवली नाही. पाणी प्यायली फक्त."

"काही... काही म्हणाली?"

"तुमचं कौतुक करत होती. बदरुद्दीनने मला घरी पोहोचवलं म्हणाली. विश्वासाचा माणूस आहे म्हणाली. बायका सगळ्या ऐकत होत्या. मला एवढं बरं वाटलं, काय सांगू."

त्याने फोन कानाला आणखी दाबून धरला.

"ऐकताय ना? कोण होती ती?"

मग अफशाँने फोन घेतला. "अब्बा, त्यांचा हात बर्फासारखा थंड होता. पण मला भीती नाही वाटली. तुम्ही नव्हतात, पण तुमच्याकडून कोणीतरी आलं ना. मला रडूच आलं." मग तिने हळूच विचारलं, "कोण होत्या त्या?"

"ओळखीच्या आहेत," बदरुद्दीन म्हणाला. दुसरं काही त्याला सुचलं नाही.

या गोष्टीला आता बराच काळ लोटला. अफशाँचं उत्तम चाललंय. गाडीत काही वाजत नाही. सित्ती पुन्हा कुठे दिसली नाही, ऐकू आली नाही. बदरुद्दीन आजही राबिघमध्ये आहे. गावी जात नाही. गेला तर बायका येऊन विचारतील, ती पाहुणी कोण होती, तू तिच्यासाठी काय केलंस.

मध्ये एकदा दत्तारामने विचारलं, "अजून भीती वाटते काय रे, बदरूभाई?"

"भीती कसली," तो म्हणाला. "ती मला काही करणार नाही, हे कळलं मला." मग पुढे म्हणाला, "काहीतरी करायला हवं होतं तिने."

इरीनी दर सणाला मेसेज पाठवते. अम्मो बद्र, आज तुमच्या नावाने मेणबत्ती लावली.

तो उत्तर बोलायला सुरुवात करतो... आणि पुसून टाकतो.